पैसा वसूल म्हणजे नक्की किती तास?

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

मागच्या आठवड्यात खराडीतल्या एका सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका वडिलांनी प्रश्न टाकला. मुलगा सातवीत आहे, कॉम्प्युटरवरचा एक गेम विकत मागतोय. पुण्यातल्याच लोकांनी केलाय म्हणतो. पण माहिती काढली तर कळलं, पाच-सहा तासांत संपतो. एवढ्याशा गेमला पैसे घालावेत का?

खाली धडाधड उत्तरं आली. बहुतेकांचा सूर एकच होता : फुकटात ढीगभर गेम पडलेत, पाच तासांसाठी कशाला पैसे घालवता? एकाने तर गणितच मांडलं, रुपये भागिले तास. ईऑन आयटी पार्कच्या सावलीत राहणारी माणसं आपण, आकडा दिसल्याशिवाय आपलं समाधान होत नाही. गणित बरोबरच होतं. मोजायला घेतलेलं माप बरोबर आहे का, एवढंच कुणी विचारलं नाही. ग्रुपवर लिहिलं असतं तर ॲडमिनने 'विषयाला धरून बोला' म्हटलं असतं, म्हणून इथे लिहितोय. आधीच सांगतो, या गेमवाल्यांशी माझा काडीचा संबंध नाही. गेम पैसे देऊन घेतलाय आणि घरी लेकीबरोबर बसून पुरा खेळलोय.

गेमचं नाव 'राजी : ॲन एन्शंट एपिक'. करणारे नॉडिंग हेड्स गेम्स, पुण्याचा छोटा स्टुडिओ. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयान मॉड या तिघांनी तो उभा केला. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पैसे मागितले. तिथला नियम असा की, जाहीर केलेली रक्कम पुरी जमली तरच हातात पैसे पडतात, नाहीतर कुणाच्याच खात्यातून कापले जात नाहीत. ती जमली नाही. त्यापुढची गोष्ट आपल्याकडच्या सिनेमावाल्यांना ओळखीची वाटेल. तिघांपैकी एकाने आपला फ्लॅट विकला आणि काम चालू ठेवलं. पुण्यात फ्लॅट घ्यायला माणूस वीस वर्षं हप्ते भरतो. यांनी तो गेमसाठी विकला.

१८ ऑगस्ट २०२० रोजी, ऐन लॉकडाऊनच्या वर्षात, गेम आधी निन्टेंडोच्या स्विच या यंत्रावर आला. १५ ऑक्टोबरला कॉम्प्युटर, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर. त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्सच्या पदार्पणाच्या गेमसाठीच्या पुरस्काराला जगभरातून पाच नामांकनं होती, त्यात हा पुण्याचा गेम होता. पुरस्कार दुसऱ्याला गेला. पण पाचांत नाव येणं ही तेव्हा आपल्या पेपरांच्या पहिल्या पानाची बातमी व्हायला हवी होती. मला तरी ती पहिल्या पानावर दिसली नाही.

गोष्ट साधी आहे. राजी आणि तिचा धाकटा भाऊ गोलू, कसरतीचे खेळ करणारी भावंडं. राखीपौर्णिमेच्या सणात असुर हल्ला करतात, मुलं पळवून नेतात, त्यात गोलूही जातो. दुर्गा राजीला त्रिशूळ देते आणि पोरगी भावाला शोधायला निघते. दुर्गा आणि विष्णू वरून बघत असतात आणि आपसांत बोलत गोष्ट सांगतात. लढाई आहे, भिंतींवरून धावणं आहे, खांबावर चढून गरकन फिरून असुरांना आडवं करणं आहे. मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांच्या खेळासारखे दाखवलेत. भिंतींवर पहाडी शैलीची चित्रं. राजस्थानी वाड्यांसारख्या जाळ्या, गवाक्षं, तलाव. मध्येच चित्राच्या फिरत्या चकत्या जुळवायच्या असतात, त्या जुळल्या की राजी-गोलूची एखादी जुनी आठवण पुरी होते. तिथे लेक म्हणाली, "बाबा, थांबा, घाई करू नका." मी थांबलो. कॅमेरा लांब जातो आणि त्या अवाढव्य देवळासमोर ती पोरगी मुंगीएवढी दिसते, तेव्हा आम्ही दोघंही गप्प होतो.

दोन रविवार आणि मधली एक संध्याकाळ, एवढ्यात खेळ संपला.

किमतीचं बघू. बाहेर आला तेव्हा परदेशातली किंमत २४.९९ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण १,८५० रुपये. स्टीमसारख्या ऑनलाइन दुकानात आपल्याकडची रुपयांतली किंमत सहसा डॉलरच्या हिशेबाहून कमी ठेवतात आणि वर्षातून दोन-चार वेळा सेल लागतो. मी सेलमध्ये घेतला. चौघांच्या मिसळीचं बिल होतं, त्याच्या आसपास गेले. पण वाद सेलच्या किमतीवर नकोच. पूर्ण किमतीचंच धरू. १,८५० भागिले पाच, तासाला ३७० रुपये. मल्टिप्लेक्सचं तिकीट, वर पॉपकॉर्न, पार्किंग धरलं तर विमाननगरच्या मॉलमध्ये याहून जास्त जातात आणि बाहेर येताना आपण म्हणतो, 'टाइमपास होता.' सिनेमाला चालणारा भाव गेमला का चालत नाही?

याचं मूळ मला वाटतं आमच्याच पिढीत आहे. आम्ही गेम तासावरच खेळलो. आमच्या गावी एसटी स्टँडच्या मागे व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. एका खोलीत चार टीव्ही, घामाचा वास, दाराला मळकट पडदा. अर्ध्या तासाचे पैसे आधी टेबलावर ठेवायचे. मालक घड्याळाकडे बघत बसायचा आणि वेळ भरली की कॉन्ट्रामधला शेवटचा राक्षस समोर असला तरी खटका बंद. आजही गेमिंग कॅफेत तासाचाच दर असतो. म्हणजे आम्ही गेम कधी विकत घेतलाच नाही, वेळ विकत घेतली. खेळ आणि तास यांची सांगड डोक्यात बसली ती तिथे.

गंमत अशी की, ज्या गेमच्या आठवणी काढून चाळिशीतले आम्ही गहिवरतो, ते सगळे आखूड होते. कॉन्ट्राला आठ लेव्हल. हात बसलेला पोरगा अर्ध्या तासात संपवायचा. आम्ही तो वर्षानुवर्षं खेळलो, कारण मरत होतो. मेलो की पहिल्यापासून. १९८९ मध्ये जॉर्डन मेक्नरने केलेल्या पहिल्या प्रिन्स ऑफ पर्शियात तर नियमच होता, ६० मिनिटांत राजकन्येपर्यंत पोचायचं, नाहीतर खेळ खलास. मेक्नरने आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून त्या राजपुत्राची चाल काढली. एका तासाचा खेळ करायला त्याची काही वर्षं गेली. कॉम्प्युटर क्लासमध्ये सर बाहेर गेले की आम्ही तोच लावायचो, आणि 'एका तासात संपतो' अशी तक्रार कुणी केल्याचं मला आठवत नाही. (राजीच्या उड्या आणि भिंतीवरची धाव बघताना त्या राजपुत्राची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.)

लांबीवर पैसे मोजले की काय होतं, हे मला माझ्या धंद्यातून पक्कं माहीत आहे. पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी एका दैनिकाला तालुक्याहून बातम्या द्यायला लागलो, तेव्हा आम्हा वार्ताहरांना छापून आलेल्या मजकुराच्या सेंटिमीटरवर मानधन मिळायचं. महिनाअखेर पट्टी घेऊन कात्रणं मोजायची. तालुक्यातल्या बातम्या कशा दिसायला लागल्या सांगू? 'याप्रसंगी व्यासपीठावर' असं म्हणून बावीस नावं. 'प्रास्ताविक अमुक यांनी केले, सूत्रसंचालन तमुक यांनी केले, आभार फलाणे यांनी मानले.' विहिरीत विषारी औषध सापडल्याची खरी बातमी चार ओळींची, तिचे चार ओळींचे पैसे. ती चार ओळींची बातमी काढायला दोन दिवस मोटरसायकलवर फिरावं लागायचं, सत्काराची बातमी तर मांडवात बसल्याबसल्या व्हायची. मग लोक कुठे जातील? मांडवात.

गेमच्या धंद्यात नेमकं हेच झालंय. 'आमचा गेम शंभर तासांचा' अशी जाहिरात असते, म्हणून नकाशा वाढवतात, त्या नकाशावर तीच ती कामं पेरतात. अमुक ठिकाणी जा, दहा पिसं गोळा कर, परत ये. वरणात पाणी घालून पंगत भागवायची, तसं. काही मोठे गेम खरंच मोठे असतात, त्यांना तेवढी जागा लागते. ते सोडा. पण ज्याच्याकडे सांगायला पाच तासांचंच आहे, त्याने पंधरा तास सांगावं असा आग्रह गिऱ्हाइकानेच धरला, तर तो दहा तास पाणी घालणारच.

आणि आखूड चीज कमी मोलाची, असं आपण मराठी माणसांनी तरी म्हणू नये. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक चालू आहे. कॉलेजची पोरं भरत नाट्य मंदिरात तासाभराच्या आतली एकांकिका करतात आणि तिच्यासाठी दोन-दोन महिने रात्री जागतात. तीन अंकी नाटकाच्या एक तृतीयांश लांबी, म्हणून एक तृतीयांश कौतुक, असं कुणी करतं का? उलट चाळीस मिनिटांत जे नट पकडतात, ते पुढे व्यावसायिकला जाऊन अडीच तासांत पसरवतात अशीच कुरकुर जास्त ऐकू येते. पुस्तकांच्या बाबतीत मात्र आपलं चुकतंच. प्रदर्शनात पुस्तक उचलायचं, शेवटचं पान बघायचं, मागची किंमत बघायची आणि 'एकशेवीस पानांना अडीचशे?' म्हणून खाली ठेवायचं. कवितासंग्रहाचं तर विचारूच नका, तिथे अर्धं पान कोरं असतं याचाही लोकांना राग येतो.

आता दुसरी बाजू. गिऱ्हाइकाची तक्रार नेहमी खोटी नसते. सोनीने २०१५ मध्ये 'द ऑर्डर : १८८६' नावाचा गेम ६० डॉलरला काढला. चित्रं अप्रतिम, खेळ सहा-सात तासांत संपणारा, आणि त्यातला बराच वेळ नुसतं बघत बसायचं. लोक भडकले. बरोबरच भडकले. त्याआधी २०१४ मध्ये कोनामीने 'मेटल गिअर सॉलिड'च्या पुढच्या मोठ्या भागाची प्रस्तावना वेगळी कापून 'ग्राउंड झीरोज' म्हणून विकली. मुख्य कामगिरी दोनेक तासांत पुरी होत होती. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ आणि संपादकीय वेगळं विकावं, तसाच प्रकार. तिथे आक्षेप लांबीचा नसतो. अर्धं ताट वाढून पूर्ण थाळीचे पैसे घेण्याचा असतो.

हा फरक राजीलाही लावला पाहिजे. गावचा गेम म्हणून गुण देऊ नयेत. त्याची खरी उणीव पाच तास ही नाही. शेवट अचानक येतो, ही आहे. भावंडांच्या गोष्टीत जीव अडकतो, मोठ्या लढाईची तयारी होते, आणि मग एकदम पडदा पडतो. पुढच्या भागासाठी राखून ठेवल्यासारखं वाटतं. लेक माझ्याकडे बघून म्हणाली, "संपलं? एवढंच?" परदेशी समीक्षकांनीही तेव्हा हेच लिहिलं होतं. लढाईतही काही ठिकाणी तेच ते असुर परत येतात, मारलेला वार पोचायला उशीर होतो. पैशांची ओढाताण कुठे झाली असेल याचा अंदाज येतो, पण खेळणाऱ्याने अंदाज करत बसू नये. विकत घेतलेल्या गोष्टीची गोष्ट पुरी हवी. म्हणून माझं मत विचाराल तर २०२० मध्ये पूर्ण डॉलर किमतीला तो थोडा चढाच होता. आजच्या भावात, त्यातही २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज घातलेत ते धरून, डोळे झाकून घ्यावा. सातवीतल्या पोराला तर नक्कीच.

आखूड आणि पुरा गेम कसा असतो तेही सांगतो. टोरांटोतल्या एका छोट्या स्टुडिओचा 'वेण्बा' जुलै २०२३ मध्ये आला. किंमत १५ डॉलर, खेळायला दीडेक तास. तासाच्या भावाने बघितलं तर हा राजीहून महाग. ऐंशीच्या दशकात कॅनडाला गेलेली तमिळ बाई, तिचा नवरा, तिकडचाच होत चाललेला मुलगा, आणि आईची फाटलेली, डाग पडलेली पाककृतींची वही. पहिलंच कोडं इडलीचं आहे. इडलीपात्राच्या ताटल्या एकावर एक अशा रचायच्या की खालच्या ताटलीची भोकं वरच्या इडल्यांनी बुजू नयेत, वाफ वर गेली पाहिजे. आपल्याकडे ज्याच्या घरी इडलीपात्र आहे, त्याला हे कोडं वाटणारच नाही. पण वहीतली अक्षरं पुसली गेलीत आणि आई सात समुद्रापलीकडे आहे, हे लक्षात आलं की हात थबकतो. दीड तासात त्या घराची तीसेक वर्षं बघून होतात. २०२४ मध्ये पदार्पणाच्या गेमचा बाफ्टा पुरस्कार त्याला मिळाला. अजून एक तास वाढवला असता तर काय मिळालं असतं? अजून दोन पदार्थ.

खराडी-चंदननगरमध्ये थालीपीठ, पुरणपोळी, मासवडी करणाऱ्या हजार आज्या आहेत आणि त्यांच्या नातवंडांतली निम्मी संगणकाची नोकरी करतात. असा एक मराठी गेम आपल्याकडून का निघू नये, हा प्रश्न मी मनातल्या मनात बरेचदा विचारतो. निघाला तर तो दीड-दोन तासांचाच असेल. दोन-तीन माणसं, नोकरी सांभाळून, रात्री जागून याहून मोठा करूच शकणार नाहीत. म्हणजे 'आखूड गेमला पैसे द्यायचे नाहीत' असं आपण ठरवलं की मराठी गेम होणार नाही, हेही त्याच ठरावात आलं.

आता त्या 'फुकट' शब्दाकडे वळतो, कारण ग्रुपवर सगळ्यात जास्त तोच होता.

संध्याकाळी थिटे वस्तीतून चालत जा. जिन्यात, पार्किंगमध्ये, बंद दुकानाच्या पायरीवर चार-चार पोरं मोबाइल आडवे धरून बसलेली दिसतात. खेळताहेत तो गेम फुकट. डाउनलोड फुकट, खेळणं फुकट. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, कंपनीत चांगल्या हुद्द्यावर. मुलाच्या हातात आईचा जुना फोन होता. त्यावर कधी ८०, कधी १६०, कधी ४०० रुपये असे पैसे जात होते. बंदुकीला नवा रंग, अंगात नवं जाकीट, हंगामाचा पास, उघडल्यावर काय निघेल माहीत नाही अशा पेट्या. एक रक्कम डोळ्यांत भरत नव्हती. आठ महिन्यांनी बँकेचं विवरण काढलं, तर बेरीज ११ हजारांच्या वर. घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. मुलाला विचारलं, एवढ्याचं काय करायचं होतं? तो म्हणाला, "साधा ड्रेस घातला की सगळे नूब म्हणतात." नूब म्हणजे नवशिका, अडाणी. आमच्या वेळी फाटकी चप्पल घालून शाळेत गेल्यावर जे व्हायचं, तेच.

एवढ्या पैशांत राजीसारखे दहा-पंधरा गेम घरात आले असते, सेल बघून घेतले असते तर तीस. गंमत म्हणजे 'तास' लावले तर तो फुकटचाच गेम जिंकतो, कारण पोरगं त्यावर हजार तास बसलं असेल. म्हणून म्हणतो, माप चुकीचं आहे. ज्या गेमला शेवटच नाही, त्याचा तासाचा भाव नेहमी स्वस्तच निघणार. शेवट नसणं हाच त्याचा धंदा आहे.

फुकट गेम करणारे सगळे लुटारू, असं मी म्हणत नाही. पुण्याच्याच सुपरगेमिंगने 'इंडस' हा लढाईचा गेम ऑक्टोबर २०२४ मध्ये फुकट आणला. आपल्याकडे कार्डावर एकदम हजार रुपये खर्च करणारा गिऱ्हाईक कमी आणि मोबाइलवाला गिऱ्हाईक कोट्यवधी, तेव्हा धंदा तिकडे जाणारच. त्यांनाही पगार द्यायचे असतात. माझं म्हणणं एवढंच की, फुकट या शब्दावर पालकांनी हुरळू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाइन खेळ बंद केले, तेव्हा बऱ्याच घरांत 'आता सगळं बंद झालं' असा समज झाला. जाकीट आणि बंदुकीचा रंग विकणं त्या कायद्याने बंद झालेलं नाही. फोनला पासवर्ड तुम्हालाच लावायचाय.

उलट, एकदाच पैसे घेऊन आखूड गेम विकणाऱ्याची अवस्था बघा. स्टीमचा नियम आहे, खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो, कारण सांगावं लागत नाही. गिऱ्हाइकासाठी हा उत्तम नियम आहे, तो असलाच पाहिजे. पण दीड तासाचा गेम करणाऱ्याचं काय? २०२१ मध्ये 'समर ऑफ फिफ्टी-एट' या भयकथेच्या गेमच्या निर्मात्याने जाहीर केलं की, लोक गेम संपवतात, चांगला म्हणून अभिप्रायही लिहितात आणि पैसे परत मागतात. आपण काही काळ गेम करणं थांबवतोय, असं त्याने सांगितलं. ताट चाटूनपुसून खायचं, आचाऱ्याला शाबासकी द्यायची आणि काउंटरवर बिल परत मागायचं. हॉटेलात आपल्याला याची लाज वाटेल. ऑनलाइन बटण दाबताना समोर माणूस नसतो, त्यामुळे वाटत नाही.

सरकारचं आता या धंद्याकडे लक्ष गेलंय, हे खरं. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग वगैरेंचं धोरण मंजूर केलं. २०५० पर्यंतचा ३,२६८ कोटींचा आराखडा, ५० हजार कोटींच्या गुंतवणुकीची आणि २ लाख रोजगारांची अपेक्षा. आकडे वाचून छाती फुगते. पण पुण्याचा आजवरचा अनुभव असा की, इथली पोरं मोठ्या परदेशी गेमांसाठी झाडं, भिंती, गाड्या आणि चिलखतं घडवतात. काम उत्तम, पगार बरा, नाव शेवटच्या यादीत कुठेतरी. प्रिन्स ऑफ पर्शियाच्या एका भागाचा नवा अवतार युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे दिल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, तेव्हा इथे केवढा आनंद झाला होता. २०२२ मध्ये ते काम काढून माँट्रियलला नेलं. मालक दुसरा असला की असं होतं. राजीचं तसं कुणी काढून नेऊ शकलं नाही, कारण गोष्ट त्यांची होती आणि फ्लॅटही त्यांचाच गेला होता.

धोरणातल्या पैशांतून इमारती होतील, पार्क होतील, भूमिपूजनाला आम्ही पत्रकार जाऊ आणि व्यासपीठावरची नावं लिहू. माझी मागणी लहान आहे. त्यातला थोडा भाग दोन-चार माणसांच्या, दोन-चार तासांच्या, मराठी गोष्टीच्या गेमला रोख द्यावा. अट एकच असावी : गोष्ट पुरी पाहिजे. तासांची अट घालू नये, नाहीतर परत बावीस नावांची बातमी येईल. आणि आपल्या भागातल्या महापालिकेच्या वाचनालयांत एखादा बरा कॉम्प्युटर ठेवून असे विकत घेतलेले पाच-सहा गेम पोरांना खेळायला द्यावेत. पुस्तक नेतात तसं वहीत नाव लिहून, एकेकाला तास.

हो, तासच. तिथे चालेल. रांग असते.

खराडी, वाघोली, चंदननगर, वडगाव शेरी, कुठेही कुणी पोरं-पोरी घरात बसून असा गेम करत असतील, एका तासाचा का असेना, तर मला निरोप धाडा. पैसे देऊन घेईन, शेवटपर्यंत खेळेन आणि बरा-वाईट जसा असेल तसा इथेच लिहीन. आणि पूर्ण खेळल्यावर परतीचं बटण दाबणार नाही, एवढा शब्द आत्ताच देतो.